उभी रेघ

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या पेढ्यांमागच्या बोळात आमचं दुकान:
दोन संगणक, एक कटिंग मशीन,
आणि बंद पडलेल्या ट्रेडलवर चहाचा ट्रे.
नवं सॉफ्टवेअर सोमवारी आलं.
मंगळवारी मी एका जिवंत माणसाला मारलं.

झालं ते एवढंच:
खराड्यांच्या थोरल्याची पत्रिका गेल्या साली मीच केलेली.
धाकट्याच्या पत्रिकेतही तीच नावं हवी होती.
अकरा नावं उचलली, अकरा नावं चिकटवली.
जुन्यात ती लुकलुकणारी उभी रेघ
चिकटवलेल्या मजकुराच्या शेवटी जाऊन थांबायची,
शेवटच्या नावाला टेकून, पुढचं काय ते सांगा म्हणत.
नव्यात ती हललीच नाही.
होती तिथंच, पहिल्या नावाच्या अलीकडं,
जणू तिच्या समोरून कुणी गेलंच नाही.

माझे डोळे हातानं लिहिलेल्या कागदावर.
बोटं आपली आपण चालतात, अठरा वर्षं झाली.
मधल्या काळात वारलेल्या मामांचं नाव शेवटी वाढवायचं होतं,
म्हणून टाइप केलं: कै.
तेवढ्यात फोन.
परत आले, खालची ओळ रिकामी दिसली,
तिथं क्लिक करून पुन्हा कै., आणि मग मामा.

वरचा कै. वरच राहिला.
कै. श्री. हिंदुराव बाळकू खराडे.
दोन्ही एकदम.
प्रूफ त्यांनी मोबाईलवर बघितलं
आणि नुसता अंगठा पाठवला.
पाचशे प्रती.

शुक्रवारी ते गठ्ठा घेऊन आले.
उद्यमनगरात लेथ चालवतात, नखांच्या कडेला ऑइल मुरलेलं.
"बाई, मी हाय अजून. जेवून आलोय.
घरात बायको हसालीय, बहीण रडालीय.
काय करायचं सांगा."

बाबालालचाचांनी कपाटातनं ब्लेडं काढली.
ट्रेडल बंद झालं तरी ते रोज येतात,
पेपर वाचतात, माझ्या वेलांट्या तपासतात.
तिघं बसलो खरवडायला.
कै वर दोन मात्रा, एक टिंब,
आर्टपेपरवरनं जाताना उंदरासारखा आवाज करतात.

"खरं ही काडी तिथंच का थांबली?" हिंदुरावांनी विचारलं.
स्क्रीनवर करून दाखवलं. चिकटवलं. बघा, इथं.
चाचांनी डावा अंगठा वर धरला, टोकाला चपटा झालेला.
"स्टिक ह्या हातात. खिळा ठेवला, अंगठा त्याच्यावर.
दुसरा ठेवला, अंगठा त्याच्यावर.
चाळीस वर्षं अंगठा शेवटच्या अक्षराबरोबर चालला.
मागं राहिला तर सगळी ओळ मांडीत सांडती."

हिंदुराव ब्लेड थांबवून ऐकत होते.
"बरोबर हाय तुमचं. खरं लेथवर उलटं.
एक कट झाला की टूल मागं आणायचं,
चालू केलं तिथं.
न्हाईतर दुसरा कट घेणार कुठनं?
ज्यानं हे बनवलंय त्यो टर्नर असणार बघा."

मी काही बोलले नाही.
चाचांचा अंगठा अजून हवेत होता,
हिंदुरावांचा हात नसलेलं चाक मागं फिरवत होता,
आणि स्क्रीनवर ती रेघ,
आहे, नाही, आहे, नाही.

ते सेटिंग मला अजून सापडलेलं नाही.
चिकटवलं की आता मान वर करते,
रेघ दिसेपर्यंत बोटं उचलून धरते.
कामाला उशीर होतो. होऊ दे.

संध्याकाळपर्यंत सहा पत्रिका फाटल्या,
बाकीच्या उजेडात धरल्या तरच कळतं.
अडीचशे कमी द्या म्हटलं, ऐकेनात, पुरते मोजले.
गठ्ठा बांधताना त्यांनी एक पत्रिका बाजूला काढली,
न खरवडलेली.

"ही असू दे.
मजकूर तयार हाय, कधीतरी लागंल,
तेवढंच तुमचं टाइप करायचं वाचंल."
दोन घड्या घालून शर्टच्या खिशात ठेवली
आणि खिशाचं बटण लावलं.